दहा मीटरची रायफल

— नाई सर, कबाड नोका म्हणू. स्वस्त म्हणा, चालते; स्वस्तच हाय ती. नळी जुन्या एअर रायफलीची, दस्ता आमच्या सुताराकडचा सागाचा, स्प्रिंग बाजारातली साधी, अन् ट्रिगर मी इथंच कानशीनं घासून बसवला — पण कबाड? तुमी कोच, अमरावतीवरून एस्टीनं अचलपूरले आले, माह्या वर्कशॉपात बसले, चहा घेतला, अन् आता म्हणून राहिले का मंजुषाले राज्याच्या स्पर्धेले न्यायचं तं 'मिलिटरी ग्रेड' पार्टची रायफल पायजे, नाईतं तिचं नाव कट. कोन म्हणे मिलिटरी ग्रेड? डब्ब्यावर छापलं हाय म्हणून? अजी, डब्ब्यावर तं साबनवालाबी काहीबी छापते.

हां, एक हाय — खोटं कायले बोलू — पार्ट खरंच मिलिटरीचा असला तं माहा पार्ट त्याची बरोबरी नाई करत. ते लोक एकेक नग तपासतात, चिखलात लोळवतात, बर्फात ठेवतात, नापास झाला का फेकून देतात. माह्याजवळ कुठला बर्फ? चिखलदऱ्याची थंडी तेवढी. पण मंजुषाले कुठं सरहद्दीवर जायचं हाय? हॉलमधी, पंख्याखाली उभं राहून दहा मीटरवरच्या कागदाले भोक पाडायचं हाय! मिलिटरीचा माल चिखलातबी बंद पडू नये म्हणून असते सर. आमाले एका भोकावर दुसरं भोक पायजे. काम येगळं, तं मापबी येगळं — का नाई? मान काहून हालवता?

अकोल्याच्या स्पर्धेचं म्हणता? हो, मंजुषाच्या हाती वाजला ना फटाका. धूर निघाला, छर्रा कुठच्या कुठं गेला, सारे हासले. मी मांगं भिंतीले टेकून होतो, मले दिसलं. पण स्प्रिंग नोती गेली. मी रायफल उघडली तं आतली हवा धरणारी सील जळालेली, अन् कडेनं कुंकवाचा लाल चिकटा. दसरा झाला होता ना नुकताच! तिच्या आईनं, सिंधूकाकूनं, रायफल पाटावर मांडली, हळद-कुंकू वाह्यलं, आपट्याची पानं ठेवली, अन् इळ्या-कोयत्याले लावते तसं गोडं तेल लावलं — लावलं काय, नळीतच सोडलं, भक्तीनं! दाबाखाली तेल पेटलं, दुसरं काय? तुमची महागाची असती तं तिच्यातबी सोडलं असतं काकूनं. देवीपुढं ग्रेड कोन इचारते? — मंजुषा बोलली काहून नाई? आता चारचौघात आईचं नाव सांगते का कोनी पोरगी? तुमीच सांगा. मी सील बदलली, नळी पुसली. हे पाहा, हे कागद तिनं कालच मारले. सारी भोकं मधात.

काय? कागदावर भरोसा नाई? 'श्रावण, तूच मारून दाखव'?

मी... माह्यं राहू द्या सर. माह्यं काम पाना-कानशीचं. तसं पाह्यलं तं बनवली माह्यासाठीच होती — भरतीत छाती कमी पडली, घरी आलो, म्हटलं आपलीच बनवू. एकटा असलो का बरोबर लागते. कोनी पाहून राह्यलं का हात कापते. शाळेतबी फळ्यापुढं उभं केलं का खडू हातातून सुटे, पोरं हासत, मंग मी जाणंच — हे कायले सांगून राहिलो मी तुमाले. मंजुषाचा हात नाई कापत, म्हणून तिच्या हाती दिली. बस, एवढंच.

पण तिचं नाव कट होऊन राह्यलं असन, तं आणा ती रायफल इकडं. त्या भिंतीशी रेतीचं पोतं हाय, त्याच्यावर लावतो कागद. माहा हात कापला तं तुमाले दिसनच, तुमी कोच हाय. मंग हाताले ठेवा नाव. रायफलीले नाई.

नाई, उठू नोका. तिथंच बसा, समोर. पाहा, चांगलं डोयेभरून पाहा माह्याकडं.

आता बोलू नोका.