काल कोण आलं नाही?

मंडळी, आज एकच प्रश्न विचारते. काळ बदलला की संस्थेला बदलावं लागतं – मंदिराची समिती असो, नाहीतर दूध डेअरी. मान्य? मग सांगा, जुन्यातलं टाकायचं काय आणि ठेवायचं काय, हे कुणाला विचारायचं? – हां, पुढून आवाज आला, "अध्यक्षांना!" अहो, हळू बोला, खांबामागेच बसलेत!

तर ऐका. आसरेवाडी नावाचं गाव. तिथल्या दूध संस्थेत भैरूनाना एकतीस वर्षं दूध तपासत होते. बायको लवकर गेलेली. घरात नाना, एक म्हैस आणि लेक मंदा. लेक शिकली, त्याच संस्थेची सचिव झाली.

नानांची एक रीत होती. सकाळी रांग लागली, की पहिलं दूध मापायच्या आधी ते वही उघडायचे आणि काल न आलेल्यांची नावं मोठ्यानं घ्यायचे.

"रामू गुरव!"

"म्हैस आटली, नाना!"

"गोदा जाधव!"

"सुतक हाय!"

आसरेवाडीत सुतकाचं घर तेरा दिवस डेअरीत दूध घालत नसे. नाना चष्म्यावरून रांगेकडे बघायचे – "आज कोण जातंय?" कुणीतरी हात वर करायचं, त्या घरी विचारपूस करून यायचं. मग माप सुरू!

पण रांग दीड तास चालायची. उन्हाळ्यात दूध नासायचं. तालुक्याच्या दूध संघानं सांगितलं, "दिवाळीपर्यंत दूध मापायचं मशीन बसवा, नाहीतर तुमचं दूध घेणार नाही." मंदानं कंबर कसली. सत्तरीच्या म्हाताऱ्यांचा हात धरून मशीनला नंबराचं कार्ड लावायला शिकवलं. कुणी कार्ड उलटं धरलं, कुणी त्याला कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलं! हसताय? तुमच्या घरातल्या मोबाईलला पहिल्या दिवशी हार कुणी घातला होता?

मशीन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नाना फक्त एवढं म्हणाले, "मंदे, नावं कोण घेणार गं?"

"नाना, आता नंबर आहेत."

नाना म्हशीला वैरण टाकायला उठले.

दीड तासाची रांग वीस मिनिटांवर आली! मंदाला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. लोक यायचे, कार्ड लावायचे, जायचे.

आणि थंडीत नाना गेले.

स्मशानात सगळं गाव होतं, मंडळी. तिसऱ्या दिवसानंतर पाहुणे गेले. मग – कुणीच नाही. मंदा दार उघडं ठेवून बसायची. सवयीनं दोघांच्या चहाचं पाणी ठेवायची आणि त्यातलं अर्धं ओतून टाकायची. तिच्या मनात एकच – एकतीस वर्षं राबला माझा बाप, आणि तीन दिवसांत विसरलात?

चौदाव्या दिवशी ती किटली घेऊन रांगेत उभी राहिली. कार्ड लावलं. मशीनवर अक्षरं आली – "सभासद नाही."

दहा दिवस दूध आलं नाही की नाव आपोआप कमी, हा नियम मशीनमध्ये कुणी घातला होता? तिनंच!

मागून हौसाकाकू म्हणाल्या, "अर्ज भर बाई. माझी सून गेली तवा मीबी भरला की. तूच घेतलास, मान वर न करता."

मंदा वळली. "काकू, तेव्हा तुमच्याकडे कोण आलं होतं?"

"कोण येतंय? नावच न्हाई घेतलं कुणी."

मागे दगडूतात्या उभे होते. त्यांनी टोपी काढली. "मंदे, तुझ्याकडं रोज यावं म्हणत हुतो. वाटलं, दुसरं कुणी जात असंल."

"मला वाटलं, तात्या जात्यात," कुणीतरी पुटपुटलं.

सगळी रांग खाली बघत होती. मंडळी, विसरलं कुणीच नव्हतं! प्रत्येकाला वाटलं, दुसरा गेला असेल. आणि उघड्या दारात ती एकटी.

मग काय, मशीन फोडलं? छे! मशीनचा काय दोष? मंदानं आधी तो नियम काढला. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनमधून काल न आलेल्यांची यादी काढली आणि रांगेसमोर उभी राहिली. खाकरली.

"शांता लोहार!"

"सासरा गेला तिचा, परवा."

मंदानं कागदावरून वर पाहिलं. "आज कोण जातंय?"

तात्यांचा हात वर गेला. हौसाकाकूंचा गेला. आणि यादी धरलेला हात वर करत मंदा म्हणाली, "मीपण येते."

मग माप सुरू झालं. रांगेला चार मिनिटं जास्त लागली.

तर मंडळी, टाकायचं काय ते मशीन आणणाऱ्याला विचारा, पण ठेवायचं काय ते जो गप्प उठून वैरण टाकायला जातो, त्याला विचारा. तो आहे तोवर विचारा!

आता टाळ जरा खाली ठेवा. आपल्या शेजारी बघा. दर एकादशीला तिथं बसणारं माणूस आज दिसत नाही ना? नाव माहीत आहे? मग मनात नको – मोठ्यानं घ्या. आणि सांगा, उद्या कोण जातंय?