शालिग्रामनं शेजाऱ्याले काहून खाल्लं

(शेलूबाजार. दुपारची वेळ. धान्याच्या गोदामाबाहेर ओट्यावर सतीश जेवतो आहे. बायको हेमला डबा घेऊन आली आहे.)

सतीश : वाचली तुही झॉम्बीची कथा. पण पटत नाही.

हेमला : काय पटत नाही?

सतीश : मुडदे उठले, रस्ते बंद झाले, इथवर ठीक. पण विसाव्या दिवशी माणूस माणसाले खाते? या एका गोदामात तुरीचे चार हजार पोते आहेत. अख्खं गाव वर्षभर खाईन.

हेमला : गॅस संपला, लाईन गेली. शिजवान कशावर?

सतीश : शेताशेतात कपाशीच्या पऱ्हाट्या पडल्या आहेत जाळाले. घरोघरी पापड, कुरड्या, लोणचं. शहरात असं होईन एखाद्या वेळी. इथं नाही होत. शिकलेला माणूस हसीन तुले.

हेमला : कथेत शालिग्रामच्या घरी किती ज्वारी होती?

सतीश : असंन थोडीशी.

हेमला : कोठी भरून होती. लिहिलं आहे मी.

सतीश : मंग शेजाऱ्याले मारलं काहून त्यानं?

हेमला : शेजाऱ्याच्या घरावर धूर दिसे. रोज दोन खेपा. शालिग्रामले वाटे, याच्या घरी आपल्यापेक्षा चांगलं शिजून राह्यलं.

सतीश : बरं, मारलं. पण खाल्लं कायले?

हेमला : भुकेनं मारलं असं म्हणता यावं म्हणून.

(सतीश हातातला घास डब्यात परत ठेवतो.)

हेमला : भाजी घ्या अजून.

सतीश : नको.

हेमला : पुण्याच्या प्रकाशनवाल्याइले कथा पाठवून महिना झाला. तुमचा नंबर देला होता. माह्या फोनले घरी रेंज नसते म्हणून. काहीच नाही आलं?

सतीश : आला होता फोन. मागच्या सोमवारी.

हेमला : काय म्हणे?

सतीश : पुस्तक काढतो म्हणे. मी सांगितलं, बाईचा विचार बदलला, ती तयार नाही.

हेमला : काहून?

सतीश : बारा वर्षं झाले मले कविता पाठवता. नाही म्हणासाठी बी कोणाचं पत्र आलं नाही. तू गिरणीवर दळणाच्या लायनीत उभी राहून मोबाईलवर लिहिलं, अन् तुले फोन आला. अन् तो बी मीच उचलला.

हेमला : मले सांगाचं होतं.

सतीश : सांगितलं असतं तं तू खुशीत चहा मांडला असता. तो मले प्या लागला असता.

हेमला : तुमच्या कविता मी सगळ्याच्या सगळ्या वाचल्या आहेत. पेटीतल्या बी.

सतीश : माहीत आहे. कधी बोलली नाही तू.

हेमला : तुमी विचारलं नाही.

सतीश : चांगल्या आहेत का?

हेमला : दोन-तीन आहेत.

सतीश : हं.

हेमला : बाकीच्याइचं घरी बोलू. आता हात धुवा अन् फोन लावा.

सतीश : त्याइनं दुसऱ्या कोणाचं घेतलं असंन तं?

हेमला : तं घेतलं असंन. लावा तुमी.

सतीश : (फोन लावून) हॅलो. मी शेलूबाजारहून सतीश बोलतो. हेमलाचा नवरा. त्या दिवशी मी तुमाले खोटं सांगितलं. तिले मी विचारलंच नव्हतं… हो… हो, इथंच बसली आहे. देतो.

हेमला : हॅलो. हो, मीच लिहिली… नाही, माहा विचार नव्हता बदलला. मले आजच समजलं.