टेक्सासची बंदूक आणि आमचा पंखा

नाही नाही, त्या बटणाला हात लावू नका, पंखा लागणार नाही, गेले सहा आठवडे बंद आहे तो. तुम्ही असं करा, खिडकीपाशी बसा, तिथे जरा वारा येतो, म्हणजे समोर ब्लॉक नसता तर आला असता. एसी आहे की, पण तो आतल्या खोलीत, आणि तिथे आमच्या लेकीची, आर्याची परीक्षा चालू आहे... आर्याची परीक्षा कधी चालू नसते ते मलाही एकदा कुणीतरी सांगा. आता तुम्ही म्हणाल, एलआरटीने, त्या छोट्या ट्रेनने, दोन स्टॉपवर दुकान आहे, सिंगापुरात काय पंखा मिळत नाही? मिळतो हो. पण तो का आणला नाही हे सांगायचं तर मला टेक्सासपासून सुरुवात करावी लागेल. बंदुकीपासून. हो, बंदूकच म्हणाले मी. आणि आधीच सांगून ठेवते, आमच्या निशिकांतला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही.

निशिकांत म्हणजे माझा नवरा, बघितलंय तुम्ही त्याला, मंडळाच्या गणपतीत प्रसादाची रांग डावीकडून का उजवीकडून यावर अर्धा तास बोलला तो. रॅफल्स प्लेसला एका बँकेत आहे, रिस्कमध्ये. रिस्कमध्ये म्हणजे काय, तर जे अजून घडलेलं नाही त्याची काळजी करायची. तिथे त्याचा पगार मिळतो, घरी तेच काम तो फुकट करतो. साधा टोस्टर आणायचा तर एक्सेलमध्ये तक्ता! डावीकडे टोस्टरांची नावं, वर गुण, प्रत्येक खान्यात आकडा, आणि तक्ता पुरा होईपर्यंत तीन आठवडे आम्ही ब्रेड कच्चा खातोय. मी अठरा वर्षं एकच सांगत आले, अरे, घे ना कुठलाही. तर म्हणतो, 'कुठलाही असं काही नसतं, सुलेखा.'

पण हे खूळ काय इथे लागलेलं नाही, पुण्यातलं आहे. सासरे रेल्वेत, सदा फिरतीवर, आणि धाकटा भाऊ अभय सात वर्षांनी लहान. त्यामुळे अभयचं दप्तर, अभयची सायकल, चष्म्याची फ्रेम, पुढे इंजिनिअरिंगची ब्रँच, अमेरिकेतली युनिव्हर्सिटी, सगळं दादाने बघायचं. पाच दुकानं पालथी घालायची आणि मग सांगायचं. अभयचा प्रश्न ठरलेला, 'दादा, काय घेऊ?' अहो, माझी जाऊ अनघा, तिच्या वेळीसुद्धा पाच स्थळांचा तक्ता होता, मी या डोळ्यांनी बघितलाय, शिक्षण, उंची, पत्रिका, आणि शेवटच्या रकान्यात 'मोकळेपणाने हसते का'. माझ्या वेळी तक्ता होता का? मी विचारलेलं नाही. किती गुणांनी पास झाले ते मला ऐकायचंच नाही.

तर असा हा दादा. आणि दोन हजार बारा साली त्या अभयने काय केलं? ऑस्टिनपासून दीड तासावर बारा एकर जमीन घेतली, शेळ्या घेतल्या, आणि दादाला कळवलं कधी, तर सगळं झाल्यावर. फोटो पाठवला. दादाने फोटो बघितला, मोठा करून बघितला, कुंपणसुद्धा बघितलं, आणि म्हणाला, 'छान आहे.' संपलं. भांडले असते तर मी म्हटलं असतं बरं झालं, भांडण मिटवता तरी येतं. इथे भांडणच नाही. फोन दिवाळीला आणि वाढदिवसाला. 'कसा आहेस?' 'बरा आहे.' 'हवा?' 'गरम.' तिकडेही गरम, इकडेही गरम, ठेवतो.

आणि मग दोन हजार सोळाच्या ऑक्टोबरात, शनिवारी सकाळी नऊ वाजता, मी डोसे घालत होते, फोन वाजला. ना दिवाळी, ना वाढदिवस. तर अभय. 'दादा, अरे कायोटी आले. दोन करडं नेली.' कायोटी म्हणजे तिकडचं जनावर, कोल्ह्यापेक्षा मोठं, लांडग्यापेक्षा लहान. 'शेजारी म्हणतो बंदूक ठेव. सेमी-ऑटोमॅटिक. आणि तयार घेऊ नकोस म्हणतो, एकेक भाग निवडून बांधून घे. नळी वेगळी, दस्ता वेगळा, चाप वेगळा, वरची दुर्बीण वेगळी. प्रत्येकाचे शंभर प्रकार आहेत रे. दादा, काय घेऊ?'

तुम्हाला सांगते, माझा डोसा करपला तरी मी निशिकांतकडेच बघत राहिले. चार वर्षांनी त्या माणसाच्या चेहऱ्यावर रंग आला हो. पाठ सरळ झाली. आणि काय भारदस्त आवाजात म्हणाला, 'थांब. घाई करू नकोस. मी बघतो.'

काय बघतो? झुरळ दिसलं की सोफ्यावर चढून मला हाक मारणारा माणूस हा! जत्रेतले फुगे फोडले नाहीत याने कधी. बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही. आणि बसलाय कुठे, तर सिंगापुरात, जिथे बंदूक हा शब्द लिफ्टमध्ये उच्चारला तर माणसं पुढच्या मजल्यावर उतरतील.

पण तक्ता सुरू झाला. तीन आठवडे नुसती नळी. अठरा इंची की वीस इंची? 'लांब नळी बरी पडते, सुलेखा, पण गाडीतून उतरताना दाराला अडकेल.' कुणाच्या गाडीतून? 'अभयच्या. पिकअप आहे ना त्याची.' मग अभयने टेप घेऊन पिकअपचं दार मोजायचं, शनिवारी दादाला माप द्यायचं. आणि सेमी-ऑटोमॅटिकच का, यावर मला जेवताना व्याख्यान. 'एकदा चाप ओढला की एक गोळी, पुन्हा ओढला की दुसरी, मधे हाताने काही मागेपुढे करायला नको. कारण रिस्क अशी आहे की कायोटी दोन आले तर?' मी म्हटलं, तीन आले तर? माझं डोकं फिरलेलं म्हणून म्हटलं. त्याने ताट सोडून उठून तक्त्यात नवा रकाना घातला.

मग आलं वजन. सगळे भाग जोडल्यावर चार किलो भरणार, अभयच्या खांद्याला झेपेल का? म्हणून याने माझा मॉप घेतला, मापून चार किलो बासमती दोन पिशव्यांत भरला, दांड्याला बांधला, आणि खांद्याला लावून उभा राहिला स्वयंपाकघराच्या खिडकीत. एक डोळा मिटून! समोरच्या ब्लॉकमध्ये मिसेस लिम बांबूवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी एक ओला शर्ट तसाच आत ओढून घेतला आणि खिडकी लावली. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मला हळूच विचारतात, 'युवर हजबंड ओके ऑर नॉट?' मी काय सांगू? म्हटलं, बॅक पेन, डॉक्टरने व्यायाम दिलाय. आर्या तर खोलीतून बाहेरच येईना. 'पप्पा, प्लीज ला, सो एम्बॅरसिंग.' इथल्या पोरांचं ते 'ला' हिलाही चिकटलंय. पण पप्पा रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं मॉप खांद्यावर घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारतोय, आणि शनिवारी फोनवर सांगतोय, 'अभय, आठ मिनिटांनी डावा खांदा भरून येतो, हलका दस्ता बघू.' डावा खांदा कुणाचा? बँकेतल्या माणसाचा. बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही आणि खांदा मात्र दुखतोय.

इथपर्यंत मी हसत होते. मग याने तो तक्ता ऑफिसात छापला. का, तर घरच्या प्रिंटरवर सत्तावीस रकाने मावत नाहीत. आणि प्रिंटरवरून तो उचलला कुणी तिसऱ्यानेच. झालं. वरच्या मजल्यावर बोलावणं. काचेची खोली, दोन माणसं, पाण्याचा एक ग्लास. 'व्हाय डू यू नीड धिस?' आणि आमचा निशिकांत खरं तेच सांगतो, 'माय ब्रदर हॅज गोट्स.' तीनदा विचारलं म्हणे, तीनदा हेच. लेखी खुलासा द्यावा लागला. सतरा वर्षं ज्याने रिस्क शोधली तो स्वतःच रिस्क म्हणून फायलीला लागला. त्या वर्षी त्याची बढती येणार होती, ती आली नाही. हे अभयला सांगितलं याने? एका अक्षराने नाही. शनिवारी फोन आला तर म्हणतो, 'दुर्बिणीचं ठरलं बघ.' मला संताप आला होता, अजून आहे. भावाच्या शेळ्यांपायी स्वतःची खुर्ची घालवली आणि चेहरा असा की जणू सत्यनारायण पार पडला.

असे आठ महिने गेले. नळी ठरली, दस्ता ठरला, दुर्बीण ठरली. राहिला चाप. तीन चाप होते, आणि दर शनिवारी एकच, 'थांब अभय, एकाचे रिव्ह्यू वाचायचे राहिलेत.' आणि तो अभयही शहाणा, म्हणतो, 'हो दादा, घाई नाही.' अरे, घाई नाही काय? कायोटी काय तुमच्या रिव्ह्यूसाठी थांबलेत?

जूनमधली गोष्ट. मी आर्याच्या ट्यूशनचा फॉर्म शोधायला निशिकांतचा लॅपटॉप उघडला आणि समोर तक्ता. शेवटची ओळ, 'चाप: ठरला.' पुढे तारीख. दोन एप्रिल. म्हणजे दोन महिने झाले होते ठरून. दोन महिने हा माणूस दर शनिवारी खोटं बोलत होता, कारण चाप सांगितला की बंदूक पुरी, आणि बंदूक पुरी झाली की फोन पुन्हा दिवाळीला. मी लॅपटॉप मिटला. इडलीच्या पिठात दुसऱ्यांदा मीठ घातलं. मला वाईट वाटलं, सरळ सांगते. एवढी वर्षं मी त्याच्या तक्त्यांची टिंगल केली, आणि त्या माणसाला दुसरं काही नको होतं, फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं. मी कुणाला काही बोलले नाही.

आणि त्याच आठवड्यात, बुधवारी, जेवताना आर्या फोन बघत म्हणते, 'पप्पा, अभयकाका गॉट अ डाँकी. सो क्यूट ला.'

गाढव. घरच्या ग्रुपवर अनघाने फोटो टाकला होता, करड्या रंगाची गाढवी, गळ्यात झेंडूची माळ. खाली लिहिलेलं, 'आमची सखू. हिला कुत्र्याच्या जातीचा असा राग की लाथाच घालते. आल्यापासून एक कायोटी फिरकला नाही. तीन महिने झाले आज.'

तीन महिने. मी मोजलं. मार्चपासून. म्हणजे तिकडे गाढवी बांधलेली, कायोटी पळालेले, बंदुकीचं काम उरलेलं नाही, आणि तरी अभय दर शनिवारी फोन करून विचारतोय, 'दादा, चाप काय घेऊ?' हा इकडे चाप ठरवून गप्प, तो तिकडे गाढवी बांधून गप्प! मला तर रडूच यायला लागलं. म्हटलं, निशी, अरे कळलं का तुला? त्याला बंदूक नकोच होती. तरी करत होता तो फोन. तुझ्यासाठी करत होता.

निशिकांतने फोटो मोठा करून बघितला. कुंपणसुद्धा बघितलं. आणि म्हणाला, 'मला न विचारता आणलं.' मग भात कालवत, 'किती गाढवं बघितली असतील त्याने? एक. जास्तीत जास्त एक.'

शनिवारी नऊला फोन आला. मी मुद्दाम तिथेच उभी. अभयचा आवाज एवढासा झालेला. 'दादा, अनघाने आणली रे, मी सांगणारच होतो... बरं ऐक ना, तिला एकटीला करमत नाही. आणखी एक गाढव घ्यावं म्हणतोय. त्यात पण पुष्कळ जाती आहेत. दादा, काय घेऊ?'

अहो, देवासारखा प्रश्न आला होता. मी निशिकांतला कोपराने ढोसलं. म्हटलं, आता म्हणेल, थांब, मी बघतो. आता उघडेल तक्ता. तर एवढ्या आठ महिन्यांत, एवढ्या अठरा वर्षांत, जे त्याच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नव्हतं ते म्हणाला. 'मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, अभय. तू तुझं बघ.' आणि फोन माझ्या हातात दिला.

मी तो कानाला लावला. म्हटलं, हवा कशी आहे? म्हणाला, 'गरम आहे, वहिनी.'

त्यानंतरचे शनिवार तसेच, फोनविना गेले. मी मॉप सोडवला, तांदळाची खिचडी केली, त्याने मुकाट्याने खाल्ली. आणि मग हा पंखा जळला. मला वाटलं, बरंच झालं. मी साडी नीट करून, अगदी अभयच्या सुरात विचारलं, निशी, पंखा काय घेऊ? त्याने पेपरातून मान वर केली आणि म्हणाला, 'घे कुठलाही.'

अठरा वर्षं हेच ऐकायला मी आसुसले होते. दोन स्टॉप गेले, दुकानात उभी राहिले, समोर तीस पंखे फिरतायत, विक्रेती विचारतेय, 'विच वन, आंटी?' आणि माझा हात उठेना. तशीच परत आले. परवा शेवटी अभयलाच मेसेज केला, म्हटलं तुम्ही तरी सांगा, भावजी, पंखा काय घेऊ? लगेच उत्तर आलं. 'मला काय कळतंय त्यातलं, वहिनी? दादाला विचारा.'

सरका अजून खिडकीकडे. सरबत आणते.