कार्ड आल्यापासून दुखतंय

आता तुमीच सांगा, ह्याला काय म्हणावं? तीस वर्षं संसार झाला, पण भामाबाईनं, म्हंजी आमच्या मंडळीनं, कदी 'आई गं' म्हणलं न्हाई. इळा लागला, हळद दाबली, चालली कापूस येचायला. अन् ते आयुष्मानचं कार्ड घरात आलं... कार्ड आल्यापासून तिचं सगळंच दुखायला लागलं बगा. सकाळी डोकं, दुपारी टाच, दिवस मावळला की पोटात कळ. मी म्हणलं, "आगं, दवाखाना फुकट हाय म्हणून रोज नवं दुखणं काढती का?" तर म्हणती, "आजवर दुखत नव्हतं असं कोण म्हणलं?"

आपलं तसं न्हाई. तुमाला सांगतो, वय छप्पन, तरी फवारणीचा पंप पाठीवर घेतला की दोन एकर एका दमात. दवाखाना लागतोच कशाला? आता जांघेत एक गाठ हाय लिंबाएवढी, जड उचललं की भाईर येती, मग पायजम्याच्या आतून उपरणं आवळायचं, झालं काम. सहा वर्षं झाली, हाय का कुणाला पत्ता?

शेवटी गेलतो तिला घेऊन बीडला. आमच्या लिंबागणेशहून मांजरसुंबा, तिथून दुसरी गाडी, अन् सारा रस्ता हिचं आपलं पोट धरून "मेले गं बाई". लोकं माज्याकडं अशी बघायलीत, जसं मीच मारून आणलंय. आता लोकायला कुठं सांगत बसू, कार्ड आल्यापासून हिचं सगळंच दुखतंय म्हणून? डॉक्टरीणबाईनं तपासलं, म्हणल्या, "मावशी, तुम्हाला तर काहीच झालेलं नाही." तर ही टुणकन उठून बसली अन् म्हणती कशी, "मला कशाला काय व्हतंय? ह्यांचं उपरणं सोडा."

म्हंजी तिला म्हाईत व्हतं. सहा वर्षं. धुणं तीच धुती की ओ! डॉक्टरीणबाईनं गाठ बघितली, म्हणल्या, "काका, आतडं अडकलं असतं तर शेतातून इथवर पोचला नसतात." तिसऱ्या दिवशी हर्नियाचं ऑपरेशन, सगळं कार्डावर. कार्ड आल्यापासून तिचं दुखत व्हतं, आता माजं सुरू झालं.

चिडलो मी. म्हणलं, "सरळ सांगायचं की."

"तुमी आला असता?"

खरं सांगतो, नसतो आलो. डोळ्याला पाणी आलं, पुसावं तर हाताला सलाईनची सुई.

आता घरी हाय. तीन महिने जड उचलायचं न्हाई, घागरसुदीक न्हाई. काल सहज इचारलं, "तुजी टाच खरंच दुखती का गं?" दळण निवडता निवडता म्हणती, "टाच खरी हाय. गुडघाबी खरा. पण तुमचं आदी उरकायचं व्हतं."

सोमवारी परत बीड. आता पेशंट ती अन् सोबतीला मी. फक्त अंथरुणाची पिशवी कुणी उचलायची, तेवढं अजून ठरंना.