पुडीचा कागद

(धार. गणपतराव वैद्यांची ओसरी, भर दुपार. मानसिंगराव ऊर्फ भाऊ यांचा मुलगा शार्दूल बाइकवरून उतरून थेट आत आलाय, हेल्मेट अजून हातातच.)

शार्दूल: नाही बसायचं मला. तुम्ही एवढंच सांगा, या पुडीत काय आहे. डॉक्टरनी विचारलंय.

वैद्यकाका: पाणी तरी पी. एवढ्या उन्हात बाइकवरून आलास.

शार्दूल: भाऊंना काल संध्याकाळी रक्ताची उलटी झाली, काका. ताईनं शेजारच्यांची गाडी करून इंदूरला नेलं. मी देवासहून सीधा तिथेच पोचलो. पोटात अल्सर आहे. हिमोग्लोबिन साडेपाच. कॅमेरा घालून दोनदा कोशिश केली, रक्त थांबत नाही. उद्या सकाळी ऑपरेशन. आणि तुम्ही मला पाणी विचारता.

वैद्यकाका: शुद्धीवर आहेत मानसिंगराव?

शार्दूल: आहेत. बोलतात.

वैद्यकाका: तेवढं बरं झालं.

शार्दूल: काय बरं झालं? डॉक्टर विचारतो, काळी शौच कधीपासून होते? ताईला काही पताच नाही. भाऊ म्हणाले, दिवाळीपासून. चार महिने माणूस आतल्या आत वाहत होता आणि तुम्ही त्याला चूर्ण चाटवत होते.

वैद्यकाका: ही पुडी कुठे मिळाली?

शार्दूल: घरी. आत्ता तिथूनच आलो. भाऊंच्या फडताळात बावीस आहेत अशा. नमुन्याला एक उचलली.

वैद्यकाका: म्हणजे तीसपैकी आठच घेतल्या.

शार्दूल: आठ घेतल्या तर हे हाल आहेत. तीस घेतल्या असत्या तर तेरावं घालत बसलो असतो आम्ही.

वैद्यकाका: अभद्र बोलू नये. ही दिवाळीची पुडी आहे. वर काय लिहिलंय ते वाच.

शार्दूल: तुमचं अक्षर मला नाही कळत.

वैद्यकाका: लहानपणी रिकामे कागद परत द्यायला तूच येत होतास की. मागचे कागद आले नाहीत तर पुढची पुडी नाही, ही माझी पद्धत. तेव्हा एकेक कागद वाचून दाखवायचास, एका बत्ताशासाठी.

शार्दूल: तेव्हा आजी शिकवायची. नंतर सगळं हिंदीतच झालं. मी इथे वाचायला नाही आलो, काका.

वैद्यकाका: वाच. डॉक्टरांनी विचारलं तर काय सांगशील?

शार्दूल: मानसिंगराव... आवळा... हे काय आहे?

वैद्यकाका: ज्येष्ठमध.

शार्दूल: ज्येष्ठमध. लोह... लोह बंद. काळे... काळे होणे थांबले नाही तर...

वैद्यकाका: थांबलास का?

शार्दूल: थांबले नाही तर चार दिवसांत इंदूरला दाखवणे.

वैद्यकाका: तीसच्या तीस कागदांवर तेच लिहिलं होतं. हात दुखला होता माझा.

शार्दूल: हे तुम्ही आत्ता नाही लिहिलं. पुडी तर माझ्याकडे होती.

वैद्यकाका: आता माझ्यावर जादूटोण्याचाही आळ घाल.

शार्दूल: मग भाऊ गेले का नाहीत?

वैद्यकाका: नवरात्रात आले तेव्हा चेहरा पांढराफटक होता, म्हणून मी मंडूर दिलं होतं. म्हणजे लोहाचंच भस्म. त्यानं शौच काळी होते, खोटं नाही. दिवाळीत म्हणाले, फार काळं होतंय, चिकट, वासही मारतो. मी भस्म त्याच दिवशी बंद केलं. म्हटलं, ही साधी पुडी घ्या, चार दिवस बघा. तरी काळंच राहिलं तर ते माझ्या हातातलं नाही, इंदूर गाठा.

शार्दूल: आणि?

वैद्यकाका: पाडव्याला आले. पेढे घेऊन. खुशीत होते. म्हणाले, गणपतराव, तुम्ही उगाच घाबरवलंत. शार्दूलला फोन केला होता.

शार्दूल: मला?

वैद्यकाका: आठवतंय?

शार्दूल: मेडिकलच्या काउंटरवर गर्दी होती. सणाचा टाइम. एक मिनिट पण नसेल बोललो.

वैद्यकाका: काय बोललास?

शार्दूल: विचारलं, वैद्यांचं औषध चालू आहे ना. हो म्हणाले. मी म्हटलं, मग त्यात लोह असणार, काळी तर होणारच. टेन्शन नका घेऊ. मला काय माहीत की तुम्ही बंद केलंय. त्यांनी सांगायचं ना.

वैद्यकाका: तू विचारायचं.

शार्दूल: मी डॉक्टर आहे का? बी.कॉम. आहे मी, काका. लायसन दुसऱ्याच्या नावाचं भिंतीवर टांगलंय, मी फक्त गोळ्या काढून देतो. भाऊंनाच सवय, सगळ्या धारमध्ये सांगत फिरतात, माझा मुलगा औषधाच्या लाइनमध्ये आहे.

वैद्यकाका: मलाही तेच सांगितलं. म्हणाले, तुमच्या खलबत्त्यापेक्षा त्याला जास्त कळतं.

शार्दूल: तुम्ही मला फोन का नाही केला?

वैद्यकाका: राग आला.

शार्दूल: काय?

वैद्यकाका: राग आला. चाळीस वर्षांचा स्नेह, आणि मुलाच्या एका फोनपुढे माझं म्हणणं उगाच घाबरवणं झालं. त्यानंतर ते आले नाहीत, मीही गेलो नाही. तीन गल्ल्या सोडून घर. संक्रांतीला तिळगूळसुद्धा माझ्या नातवाच्या, चिंटूच्या हाती पाठवला. परत आल्यावर त्याला विचारलं, कसे दिसतात रे. म्हणाला, बारीक झालेत. ऐकून घेतलं.

शार्दूल: वा. मस्त.

वैद्यकाका: आणखी एक विचारतो. गुडघेदुखीच्या गोळ्या त्यांना कोण देत होतं?

शार्दूल: मीच. बसच्या कंडक्टरकडे देऊन पाठवायचो. त्या सगळेच घेतात, काका. देवासमध्ये रोज पन्नास लोक घेऊन जातात.

वैद्यकाका: मानसिंगराव सकाळी सातला घेत. आणि देवपूजा होईपर्यंत, म्हणजे अकरा वाजेपर्यंत, पोटात अन्नाचा कण नाही. तू त्याच घरात वाढलास.

शार्दूल: डॉक्टर पण तेच म्हणाला. रिकाम्या पोटी ती गोळी पोट खाते म्हणून. मी तेव्हा मान हलवली, बस. थांबा, ताईचा फोन. आवाज तुटतो हिचा, स्पीकरवर घेतो. हां ताई.

ताई: शारू, पुडी मिळाली?

शार्दूल: मिळाली.

ताई: लवकर ये. दुसरी बाटली लावली रक्ताची. आणि ऐक, आत्ता फाइल भरून घेतली. भाऊ म्हणाले, वैद्यकाकांनीच सांगितलं होतं की भस्मानं काळं होतं, काळजी करू नका. म्हणून ते आपल्याला काही बोलले नाहीत. मी तसंच लिहून दिलं.

शार्दूल: भाऊ असं म्हणाले?

ताई: दोनदा. हात धरून सांगितलं. आणि म्हणतात, शार्दूलला यात आणू नको. मी म्हटलं, त्याचा काय संबंध, तो बिचारा देवासला. तू तिथेच आहेस का, त्यांच्याकडे?

शार्दूल: हो.

ताई: मग विचार त्यांना. पंगतीला शेजारी बसवलं, घरातलं मानलं. लाज नाही वाटली का, विचार.

शार्दूल: ताई...

ताई: काय?

शार्दूल: काही नाही.

ताई: विचारलंस?

शार्दूल: विचारलं.

ताई: काय म्हणतात?

शार्दूल: गप्प आहेत.

ताई: गप्पच बसणार. तू नीघ. गाडी हळू चालव.

वैद्यकाका: ठेवला तिनं?

शार्दूल: ठेवला.

वैद्यकाका: मग नीघ. पाचच्या आत पोच. त्यात आवळा आणि ज्येष्ठमध आहे, तिसरं काही नाही. लोह फक्त नवरात्र ते दिवाळी. आणि तुझ्या गोळ्या किती महिने चालल्या तेही त्या डॉक्टरांना नीट सांग. ते नको लपवूस.

शार्दूल: ते सांगितलंय. गोळ्यांचं सगळं लिहिलंय फाइलमध्ये.

वैद्यकाका: मग उभा का?

शार्दूल: उद्या ऑपरेशन होऊन जाऊ दे, काका. मी ताईला सगळं सांगीन. परवा सांगतो.

वैद्यकाका: बरं.

शार्दूल: खरंच सांगीन.

वैद्यकाका: मी कुठे काय म्हणालो.

शार्दूल: तिचं मराठी चांगलं आहे. तुमचं अक्षर तिला कळतं.

वैद्यकाका: तिला मीच शिकवलं.

शार्दूल: दुसऱ्या कागदात बांधून द्याल का?

वैद्यकाका: हा कागद तिच्या हाती पडू नये म्हणून?

शार्दूल: काका.

वैद्यकाका: दे इकडे. आणि घरी एकवीस राहिल्यात ना, जाताना त्याही माझ्याकडे आणून टाक.