जावईबापूंची मान

जनावरांच्या दवाखान्यात मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या म्हातारबांना समोरच्या बापलेकीचं बोलणं ऐकू येत होतं. त्यांच्या कुत्र्याची मान 'नाही, नाही' म्हटल्यासारखी हलत होती.

"बाबा, डॉक्टर फोनवर म्हणाले ना, मान हलत असतानाच बिस्कीट दाखवा. थांबली तर बहुतेक घाबरायचं कारण नाही."

"आणि नाही थांबली तर?"

"तर मेंदूची तपासणी. दाखवा आता."

"दाखवलं. बघतसुद्धा नाही माझ्याकडे."

"आईच्याच हातून खायचा तो. तिच्यासारखी हाक मारा."

"चारचौघांत? तू लग्न करत नाहीस म्हणून त्याला जावई म्हणायची ती."

"मग मी मारू का हाक, माझ्या नवऱ्याला? बाबा, आई गेली. आता हाही गेला तर घरात तुम्हाला कोण आहे?"

बापाने बिस्कीट पुन्हा पुढे केलं. मान हलतच होती.

"जावईबापू," बाप हळूच म्हणाला, "पान वाढलंय, या."

मान थांबली. कुत्र्याने कान टवकारले आणि दाराकडे बघितलं.

"ती नाही रे. मीच आहे. घे."