मुकादमानं पोतं उचलू नये

मी मूळचा बार्शीटाकळीकडचा, पन अंग भरलं ते धामनगावच्या कापसाच्या जिनातच, मास्तर, सरकीचं पोतं पाठीवर घेतलं का मले वजन वाटेच ना. भाकरी किती खाल्ली ते कोन पाहे, वरतून गुळाचा खडा, उन्हाळ्यात परातभर आमरस, अन् सारं जिरे. काय सांगू तुमाले, मांडी अशी टनक का सुभद्रा, माही बायको, म्हने हे मांडी हाये का पाटा.

मंग शेटनं मले मुकादम केलं. आमच्यात रीत हाये, मुकादमानं पोत्याले हात लावाचा नाई, लावला तं हमाल मानत नाईत, म्हनतात हा तं आपल्यातलाच. म्हून मी खाटेवर बसून नुसता वरडून राहिलो, अन् जेवन मात्र तेच हमालाचं. पोट सुटलं तं घरच्याइले वाटे सुख लागलं मानसाले. मांड्या वाळल्या त्या धोतरात कोनाले दिसनार?

मंग तहान सुरू झाली, घागर पेली तरी जीव सुके, मोरीत लघवीले मुंग्या येत. पायाले खिळा लागला, जखम भरेच ना. अकोल्याच्या डाक्टरनं लघवी तपासली, म्हने साखर आहे. मी म्हनलं साहेब, खानं तं तेच हाये, मंग आताच काहून? थो म्हने, आधी तुझं मांस कष्ट करून खाल्लेलं जाळत होतं, आता मांसही गेलं अन् कष्टही, साखर रक्तातच राहते. गूळ सोड, जखम भरली की कामाला लाग, नाहीतर पाय जाईल.

पाय जाईल! हमालाचा पाय! रडलो गा मी तिथंच.

जखम कशीबशी भरली. मी शेटले म्हनलं मुकादमी घ्या, मले पोतं द्या. हमाल हासले. माहा लहाना भाऊ तिथंच हमाल, थो म्हने घराचं नाक कापलं तू. उचललं पोतं, तं मी पोत्यासकट खाली. मंग सारे हासाचे थांबले, तेच मले जास्त लागलं.

आता मी बायाइसंगं सरकीची टोपली वाहतो. पहिलेचं अंग काई येत नाई, पन पाय हाये.

मुकादमी भावाले भेटली. पोट सुटलं त्याचं, पानी मांगते घडीघडी. काल मी म्हनलं, बापू, उठ, पोत्याचं एक टोक तं धर. थो उठला, इकडेतिकडे पाह्यलं कोनी पाहून राहिलं का, अन् पुन्हा बसला. देव त्याले बुद्धी देवो, मास्तर, अन् पाय राहू देवो.